लंडनचा निकाल, भादलीचा अर्ज

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 16 एप्रिल 2025 रोजी दिलेला निकाल 88 पानांचा आहे. आपल्याकडे तो पोहोचला एका वाक्यात. स्त्री म्हणजे जन्माने स्त्री, बाकी कुणी नाही, असे तिथे ठरले. आता इथेही तेच होणार, असे कुणी समाधानाने म्हणाले, तर कुणी धास्तावून. मूळ वाद मात्र बराच मर्यादित होता. स्कॉटलंडच्या संसदेने 2018 साली कायदा केला की सार्वजनिक संस्थांच्या संचालक मंडळांवर निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात. 2004 च्या कायद्याखाली लिंगओळखीचे प्रमाणपत्र मिळवलेल्या ट्रान्स स्त्रिया या निम्म्यांत धरायच्या, असे तिथल्या सरकारचे म्हणणे होते. धरायच्या नाहीत, असे 'फॉर विमेन स्कॉटलंड' या संघटनेचे. पाचही न्यायमूर्तींनी एकमताने संघटनेच्या बाजूने कौल दिला. 2010 च्या समानता कायद्यात 'स्त्री' आणि 'पुरुष' हे शब्द जैविक अर्थानेच वापरले आहेत, कारण दुसरा अर्थ घेतला तर गरोदरपणाचे संरक्षण, फक्त स्त्रियांसाठीच्या सेवा आणि समलिंगी व्यक्तींचे हक्क यांविषयीची कलमे एकमेकांशी जुळत नाहीत, हा त्यामागचा युक्तिवाद. त्याच निकालात आणखी दोन गोष्टी आहेत, पण आपल्याकडे पोहोचलेल्या त्या एका वाक्यात त्या मावल्या नाहीत. ट्रान्स व्यक्तींना याच कायद्यात 'लिंगबदल' या वेगळ्या आधारावर भेदभावापासून जे संरक्षण मिळते, ते कायम आहे. आणि समाजात चाललेल्या वादात 'स्त्री' कुणाला म्हणावे, हे सांगणे आपले काम नाही, असे न्यायालयाने स्वतःच बजावले आहे. थोडक्यात, एका देशाच्या एका कायद्यातल्या एका शब्दाचा अर्थ लावला गेला.

हा निकाल भारतावर बंधनकारक नाही, हे उत्तर बरोबर आहे पण अपुरे आहे. परदेशी निकाल आपल्या न्यायालयांत वाचले जातात, त्यांचे दाखलेही दिले जातात. म्हणून आपल्याकडचा कायदा या प्रश्नाकडे कसा पाहत आला, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे. तो प्रवास पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. जिथे आपली न्यायालये 'ही व्यक्ती मुळात स्त्री की पुरुष' एवढ्याच प्रश्नावर अडून बसली, तिथे निकाल निव्वळ काटेकोर झाला, न्याय्य झाला नाही. आणि जिथे त्यांनी 'हा हक्क कशासाठी दिला आहे, आणि तो नाकारल्याने कुणाचे रक्षण होते' असे विचारले, तिथे उत्तर सरळ आणि बहुतेकांना पटेल असे निघाले. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की दुसरा प्रश्न हाच कायद्याचा खरा प्रश्न आहे. तो पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतच्या भाड्याच्या फ्लॅटला लागू होतो, चाकणच्या कारखान्यातल्या स्वच्छतागृहाला लागू होतो आणि महापालिकेच्या निवडणुकीलाही. गंमत अशी की ब्रिटिश न्यायमूर्तींनीही आपल्या परीने कायद्याचा उद्देशच तपासला होता. त्यांचा कायदा वेगळा होता म्हणून उत्तर वेगळे आले.

आपल्याकडचा पाया 15 एप्रिल 2014 रोजी घातला गेला, म्हणजे लंडनच्या निकालाच्या अकरा वर्षे आणि एक दिवस आधी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांनी दिलेला हा निकाल 'नालसा निकाल' म्हणून ओळखला जातो. ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात स्वतः बाजू मांडत होत्या. संविधानाच्या पंधराव्या आणि सोळाव्या अनुच्छेदांत लिंगावरून भेदभावाला बंदी आहे. त्यात माणसाची स्वतःची लिंगओळखही येते, असे न्यायालयाने म्हटले. आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा. त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा. शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून आरक्षण द्यावे, असा आदेशही त्यात होता. ब्रिटनमधला वाद संसदेच्या कायद्यातल्या शब्दावर झाला, आपला पाया संविधानात आहे, हा फरक मोठा आहे. साधा कायदा संविधानाशी जुळवून वाचावा लागतो. संविधान कायद्याच्या शब्दात बसवता येत नाही.

मग 2019 साली संसदेने पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा केला. तो 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला आणि त्याचे नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आले. या कायद्यातली मूळ व्याख्या ऐसपैस होती: जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाशी ज्याची ओळख जुळत नाही असा कुणीही, मग शस्त्रक्रिया किंवा हार्मोनचे उपचार झालेले असोत वा नसोत, शिवाय आंतरलिंगी व्यक्ती, आणि किन्नर, हिजडा, अरवाणी, जोगता अशा परंपरेने चालत आलेल्या ओळखी. मूळ चौथे कलम स्वतःला जाणवलेल्या ओळखीचा हक्क मान्य करत होते. पुढच्याच कलमांत मात्र त्या हक्काला सरकारी दाखल्याची जोड होती. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचे, त्यांनी पारलिंगी असल्याचे ओळखपत्र द्यायचे. यासाठी वैद्यकीय तपासणीची गरज नव्हती. परंतु कागदावर 'पारलिंगी' ऐवजी 'स्त्री' किंवा 'पुरुष' हवे असेल तर सातव्या कलमाप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाचे प्रमाणपत्र जोडून पुन्हा अर्ज करावा लागे. जी अट नालसा निकालाने बेकायदा ठरवली होती ती कायद्याने अशी मागच्या दाराने आत आणली. 2025 अखेर हे कलम सर्वोच्च न्यायालयात आव्हानाखाली होते, आणि माझ्या मते या कायद्यातला सर्वांत कच्चा दुवा तोच आहे.

आता दोन निवडणुका शेजारी ठेवून पाहू. मध्य प्रदेशातल्या कटनी शहराने या शतकाच्या सुरुवातीला कमला जान या किन्नर उमेदवाराला महापौर म्हणून निवडून दिले. पद स्त्रियांसाठी राखीव होते. निवडणुकीविरुद्ध दावा लागला आणि ती रद्द झाली. 2003 साली जबलपूरच्या उच्च न्यायालयानेही ते कायम केले. न्यायालयाचा तर्क सरळ होता. कायद्यापुढे माणूस स्त्री असतो किंवा पुरुष. कमला जान स्त्री नव्हेत, म्हणून त्या पुरुष, म्हणून अपात्र. कटनीच्या मतदारांना त्या कोण आहेत हे पुरते ठाऊक होते आणि ठाऊक असूनच त्यांनी मत दिले होते, याचे वजन तराजूत पडलेच नाही. अठरा वर्षांनी, जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत जवळजवळ तोच प्रश्न उभा राहिला. अंजली पाटील यांनी सर्वसाधारण स्त्री राखीव प्रभागातून अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत, आणि प्रभाग स्त्रियांचा आहे, असे म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. 2 जानेवारी 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला. नालसा निकाल आणि 2019 चा कायदा यांनी स्वतःची ओळख निवडण्याचा हक्क दिला आहे, त्यांनी स्त्री ही ओळख निवडली आहे, मग स्त्रियांच्या जागेवरून त्यांना बाजूला कसे काढणार? पण न्यायमूर्ती तिथे थांबले नाहीत. पुढे लाभ दिसला म्हणून पुरुष म्हणून वावरायचे, असे आता करता येणार नाही. ही निवड आयुष्यभराची आहे, हे त्यांनी आदेशात नोंदवले. त्याच महिन्यात मतदान झाले आणि अंजली पाटील निवडून आल्या.

कटनी आणि भादली यांच्यामध्ये माणसाचे शरीर बदलले नाही, कायद्याने विचारलेला प्रश्न बदलला. स्त्रियांना राखीव जागा का आहेत? स्त्रियांच्या शरीररचनेला बक्षीस म्हणून नव्हे. घरात, भावकीत, चावडीवर ज्यांचे बोलणे कुणी मोजत नव्हते, त्यांना बोलण्याची जागा मिळावी म्हणून आहेत. तृतीयपंथी स्त्रीला गावात पुरुषाचा मान कधी मिळाला? वतनात, वाटणीत, पंचात ती पुरुष म्हणून कधी गणली गेली? कटनीच्या निकालाने ज्या क्षणी तिला 'पुरुष' म्हटले, त्या क्षणी तिला पुरुषपणाचा एकच वाटा मिळाला, तो म्हणजे अपात्रता. आरक्षणाच्या उद्देशाने पाहिले तर भादलीचा निकाल हा काही उदारपणा नव्हता; ते आरक्षणाचेच तर्कशुद्ध वाचन होते.

हीच दिशा इतर निकालांत दिसते. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये सांगितले की हिंदू विवाह कायद्यातल्या 'वधू' या शब्दात ट्रान्स स्त्रीही येते. मार्च 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्यापुढे प्रश्न आला की शस्त्रक्रियेनंतर स्त्री म्हणून विवाह केलेल्या व्यक्तीला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याखाली पतीकडून पोटगी मागता येते का. पतीचे म्हणणे, ती जन्माने स्त्री नाही. न्यायमूर्तींनी कायदा का केला गेला ते पाहिले: घराच्या चार भिंतींआड, नात्याच्या आडोशाने होणारा छळ थांबवायला. जी स्त्री म्हणून घरात आली आणि जिला छळ झाल्याचे म्हणणे आहे, तिला 'पीडित व्यक्ती' म्हणायलाच हवे, असे त्यांनी ठरवले. जून 2025 मध्ये, म्हणजे लंडनच्या निकालानंतर दोनच महिन्यांनी, आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने विवाहितेच्या छळाच्या कलमाबाबत तेच म्हटले. ट्रान्स स्त्रीला मूल होऊ शकत नाही, म्हणून ती स्त्री नाही, हा युक्तिवाद तिथे झाला होता. न्यायालयाने तो फेटाळला, आणि बरेच झाले; मूल न झालेल्या लाखो स्त्रियांनाही त्याच मापाने बाद करावे लागले असते. त्या खटल्यात आरोप मोघम असल्याने मूळ फिर्याद मात्र रद्द झाली. हा तपशील महत्त्वाचा, कारण हक्क मान्य होणे आणि खटला जिंकणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

व्याख्या किती खोल कापू शकते, याचे सर्वांत कठोर उदाहरण फौजदारी कायद्यात आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'लिंग' या शब्दाच्या व्याख्येत पारलिंगी व्यक्तीचा उल्लेख आला, ही चांगली गोष्ट. पण बलात्काराचे कलम अजूनही पुरुषाने स्त्रीवर केलेल्या अत्याचारापुरतेच आहे. त्याची किमान शिक्षा दहा वर्षे. जुन्या भारतीय दंड संहितेतले 377 वे कलम समलिंगी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते 2018 मध्ये रद्द झाले होते. बळजबरीच्या कृत्यांना ते लागू होत राहिले. नव्या संहितेत ते कलमच आले नाही. त्यामुळे अत्याचाराला बळी पडलेल्या पारलिंगी व्यक्तीपुढे दोनच वाटा उरतात. ती कायद्याने 'स्त्री' ठरली तर गुन्हेगाराला किमान दहा वर्षे. ती फक्त 'पारलिंगी' ठरली तर 2019 च्या कायद्याचे अठरावे कलम, ज्यात मुळात शारीरिक आणि लैंगिक अत्याचाराला शिक्षा होती सहा महिने ते दोन वर्षे. कृत्य तेच, यातना त्याच. शिक्षा व्याख्येवर अवलंबून. जे लोक म्हणतात की तृतीयपंथीयांना तिसरा रकाना मिळाला आहे, आता 'स्त्री' या शब्दाचा हट्ट कशाला, त्यांनी या दोन शिक्षा शेजारी ठेवून पाहाव्यात. तिसरा रकाना मिळाला, पण त्याच्याखाली लिहिण्याजोगे हक्क फार थोडे मिळाले.

पोलीस भरतीचा वाद दुसऱ्या टोकाचा. 2022 मध्ये राज्यात शिपाई भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच पर्याय होते. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय ठेवायला सांगितला, तर सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. शारीरिक चाचणीचे निकष ठरलेले नाहीत, म्हणून ते शक्य नाही, हा सरकारचा मुद्दा होता. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती अभय अहुजा यांच्या खंडपीठाने डिसेंबर 2022 मध्ये सरकारला नियम करायला लावले. धावण्याचे अंतर किती, गोळा किती वजनाचा, हे प्रश्न खरे आहेत. तिथे शरीराचा विचार करावाच लागतो. परंतु निकष ठरवणे हे सरकारचे काम आहे, आणि नालसा निकालानंतर आठ वर्षे ते केले नाही याची शिक्षा उमेदवाराने भोगायची, हे उलटे झाले. उद्देशाचा प्रश्न विचारला की उत्तर नेहमीच ट्रान्स व्यक्तीच्या बाजूने लागेल असे नाही, हे इथे स्पष्ट दिसते. धावण्याच्या चाचणीत शरीर मोजणे रास्त. अर्ज भरण्याच्या खिडकीवर ते मोजणे निरर्थक.

आता रावेतकडे येऊ. दोन दशकांपूर्वी पवनेकाठचे गाव असलेले रावेत आज पिंपरी-चिंचवडच्या नव्या वस्तीचा भाग आहे. हिंजवडीच्या आयटी कंपन्या एका बाजूला, तळेगाव-चाकणचे कारखाने दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये भाडेकरूंनी भरलेले टॉवर. अशा ठिकाणी कायद्याची पहिली गाठ न्यायालयात पडत नाही. ती पडते घर भाड्याने घेताना. 2019 च्या कायद्याचे तिसरे कलम सांगते की पारलिंगी व्यक्तीला घर भाड्याने किंवा विकत घेण्यात, राहण्यात भेदभाव करता येणार नाही. नोकरी, शिक्षण, उपचार यांतही नाही. सोसायटीचा कोणताही ठराव या कलमाच्या वर जाऊ शकत नाही. राहत्या जागेतून हुसकावून लावणे किंवा तसे भाग पाडणे हा तर अठराव्या कलमाखाली गुन्हाच आहे. पण या दोन कलमांमध्ये एक फट आहे आणि ती दलालांना, घरमालकांना न वाचताही कळलेली असते. आत राहणाऱ्याला बाहेर काढले तर शिक्षा आहे. मुळात आतच घेतले नाही तर कायद्यात मनाई आहे, शिक्षा नाही. 'फॅमिलीलाच देतो' असे म्हणून फोन ठेवला की काम भागते. या फटीवर सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2025 च्या निकालात बोट ठेवले. खासगी शाळांनी नोकरी नाकारलेल्या एका ट्रान्स शिक्षिकेच्या याचिकेवर न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांनी तिला भरपाई दिली, कायदा आणि नियम कागदावरच निर्जीव पडून आहेत असे खडसावले आणि समान संधीचे धोरण आखण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मनाईला दंड नसेल तर ती सूचना ठरते, हे न्यायालयालाही दिसले.

कारखान्याच्या फाटकावर चित्र थोडे वेगळे आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेत शौचालये, आंघोळीच्या जागा आणि लॉकर रूम यांबाबत पुरुष, स्त्री आणि पारलिंगी कर्मचारी असा तिहेरी उल्लेख आहे. 1948 च्या जुन्या कारखाने कायद्यात दोनच रकाने होते. वेतन संहितेतही समान कामाच्या मोबदल्यात 'स्त्री आणि पुरुष' यांच्यातल्या भेदाऐवजी लिंगाच्या आधारावर भेद करायचा नाही, अशी व्यापक भाषा आली. चाकणमध्ये कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगाराला गेट पास मिळतो, शिफ्ट मिळते, कंपनीची बस मिळते; अडचण येते ती कपडे बदलताना आणि स्वच्छतागृहात. नोकरी नाकारण्याचे सर्वांत सोयीचे कारण म्हणून 'आमच्याकडे सोय नाही' हेच सांगितले जाते. सोय करणे ही मालकाची जबाबदारी आहे, असे आता कायदाच म्हणतो. विशेष म्हणजे या तरतुदीने 'स्त्री कोण' हा वाद सोडवलेला नाही. तो बाजूला ठेवून प्रश्न मिटवला आहे. दार बंद होणारे, कडी लागणारे एकट्याचे स्वच्छतागृह बांधायला कुणाच्याही व्याख्येची गरज लागत नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही व्याख्येची वाट पाहिली नाही. 2022 पासून तिने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना महिना 3,000 रुपये पेन्शन देण्याची योजना आणली. गणवेश घालून महापालिकेच्या दारात उभा असलेला रक्षक जेवढे बदलतो तेवढे एखादे परिपत्रक बदलत नाही, असे माझे मत आहे.

या सगळ्याला आक्षेप आहेत आणि ते टिंगल करण्याजोगे नाहीत. पहिला फसवणुकीचा. स्वतःच्या सांगण्यावर ओळख मान्य केली तर उद्या कुणीही पुरुष साडी नेसून स्त्रियांच्या राखीव जागेवर उभा राहील. खोटे जातप्रमाणपत्र जोडून निवडून आलेल्यांच्या कहाण्या महाराष्ट्राला नव्या नाहीत, त्यामुळे ही शंका हवेतून आलेली नाही. पण त्या कहाण्यांनी आपण आरक्षण बंद केले नाही. पडताळणी समित्या नेमल्या. भादलीच्या आदेशातली आयुष्यभराची अट हा त्याच जातीचा उपाय आहे. शिवाय एका जागेसाठी जन्मभर तृतीयपंथी म्हणवून घ्यायला, घरमालकाचे 'नाही' ऐकायला, सिग्नलवरचे शेरे सोसायला किती पुरुष तयार होतील? 2011 च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात महाराष्ट्रात 40,891 जण नोंदले गेले, देशभरात 4,87,803. राज्याच्या तेव्हाच्या सव्वाअकरा कोटी लोकसंख्येत हे साधारण पावणेतीन हजारांत एक. मोजणीत सुटलेले बरेच असतील, हे मान्य. तरी या ओळखीचा मोह पडून लोक रांगा लावत आहेत असे कुठे दिसत नाही. लपवणारेच अधिक आहेत.

दुसरा आक्षेप स्त्रियांचा स्वतःचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. वसतिगृह, तुरुंगाची बराक, अत्याचारग्रस्त स्त्रियांचे आधारगृह, रेल्वेचा स्त्रियांचा डबा या जागा स्त्रियांनी भीतीपोटी आणि लढून मिळवल्या आहेत. तिथे पुरुषी शरीराची भीती वाटणे हा काही मागासपणा नव्हे. लंडनच्या निकालामागे ही भीती होती, आणि तिला तुच्छ लेखणाऱ्यांनी तिथल्या चळवळीचे नुकसानच केले. पण इथेही जागा कोणती आणि धोका कोणता, हे पाहूनच ठरवावे लागेल. खेळात शरीराची ताकद हाच मुद्दा असतो. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने सप्टेंबर 2025 च्या तोक्यो स्पर्धेपासून स्त्रियांच्या गटासाठी एकदाच करायची जनुकीय चाचणी लागू केली, आणि त्यावर कितीही वाद असला तरी तिथे जीवशास्त्र विचारात घेणे गैर म्हणता येणार नाही. आधारगृहात वेगळी खोली किंवा वेगळे गृह हा मार्ग असू शकतो. परंतु खेळाच्या मैदानावरचा निकष पोटगीच्या दाव्याला लावला, किंवा बराकीचा निकष ग्रामपंचायतीला लावला, तर आपण एका कुलपाची किल्ली सगळ्या दारांना लावत बसतो. शिवाय तृतीयपंथी स्त्रीला पुरुषांच्या बराकीत किंवा डब्यात ढकलले तर तिथे तिचे काय होते, हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे, आणि आक्षेप घेणारे बहुतेक जण तो विचारत नाहीत.

तिसरा आक्षेप कायद्याच्या जाणकारांचा. प्रत्येक कायद्यात शब्दाचा अर्थ वेगळा लावायचा तर निश्चितता कुठे राहिली? अधिकाऱ्याने काय वाचून निर्णय घ्यायचा? हा मुद्दा खरा आहे, आणि ब्रिटिश न्यायमूर्तींनीही याच काळजीने एकसंध अर्थ निवडला. मात्र आपल्या कायद्याला ही विविधता नवी नाही. मूल कोण, हे बालकामगारांच्या कायद्यात चौदाव्या वर्षाने ठरते, बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात अठराव्या, आणि विवाहाच्या कायद्यात मुलासाठी एकविसाव्या. त्याने कुणाचा गोंधळ झाला नाही, कारण प्रत्येक कायदा आपले वय आपण सांगतो. इथे अडचण वेगवेगळ्या अर्थांची नाही. संसदेने ते अर्थ लिहून न ठेवल्याची आहे. म्हणून एकेका पारलिंगी व्यक्तीला एकेका उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागते, आणि मुंबईत मिळालेला हक्क दुसऱ्या राज्यात पुन्हा मागावा लागतो. अत्याचाराच्या कलमात बळी पडणाऱ्याचे लिंग न पाहणे, तिसऱ्या कलमाच्या मनाईला दंड जोडणे, सातव्या कलमातली शस्त्रक्रियेची अट काढणे, या तीन दुरुस्त्या केल्या तर 'स्त्री' या शब्दावर पडणारा बराचसा भार आपोआप उतरेल. उलट दिशेने, म्हणजे व्याख्याच आखूड करून, संसद हा भार उतरवू पाहील तर तिची गाठ नालसा निकालाशी, पर्यायाने संविधानाशी पडेल.

डिसेंबर 2025 च्या अखेरीस पिंपरी-चिंचवड महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. मतदान 15 जानेवारी 2026 रोजी होते. 32 प्रभाग, 128 जागा, त्यांतल्या निम्म्या, म्हणजे 64, स्त्रियांसाठी राखीव. तृतीयपंथीयांसाठी वेगळी राखीव जागा एकही नव्हती. मतदार यादीत 2009 पासून 'इतर' अशी नोंद करता येते, म्हणजे मत देण्याची सोय तेव्हा सोळा वर्षे जुनी होती; निवडून येण्याच्या वाटेवर मात्र अजून भादलीचाच आदेश हाताशी धरावा लागतो. अशा कोणत्याही निवडणुकीत राखीव प्रभागातून एखाद्या ट्रान्स स्त्रीचा अर्ज आला आणि छाननीत कुणी हरकत घेतली, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे दोन निकाल असतील. एक लंडनचा, जो त्याने मोबाइलवर एका वाक्यात वाचलेला असेल. दुसरा औरंगाबाद खंडपीठाचा, जो याच राज्याच्या उच्च न्यायालयाचा आहे आणि ज्याच्याकडे पाठ फिरवून अर्ज फेटाळायचा तर त्याला तशी कारणे लेखी द्यावी लागतील.